फाटक उघडल्यापासून

३ मार्च

प्रिय वहिनी,

तुमच्याकडच्या पेपरात आलंच असेल. नसेल आलं तर माझ्याकडून ऐक, पण आधी खाली बस. येत्या एक तारखेपासून शेजारच्या पाचही देशांतल्या माणसांना तुमच्याकडे यायला व्हिसा लागणार नाही. ओळखपत्र दाखवायचं आणि फाटकातून आत. वर्षातून नव्वद दिवस राहता येईल. आमच्या बसस्टँडवर तर लग्नघरासारखी धांदल चाललीय. पंधरा एप्रिलपासून तुमच्या शहराला थेट बस सुरू होतेय, एक दिवसाआड, आणि तिचं बुकिंग माझ्याच खिडकीवर दिलंय. साहेब म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलंय, प्रवाशांची यादी तुम्हीच सांभाळा." एकदा तरी वहिनीकडे जायचं असं आठ वर्षं मनात घोकत होते. आता रस्ता माझ्याच खिडकीसमोरून निघतोय, तर मलाच तो नकोसा झालाय.

कारण दादानंही ती बातमी वाचली. सकाळी चहा पिता पिता. आधी मनातल्या मनात, मग मला ऐकू जाईल अशी मोठ्यानं. मग पानाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. आई गेल्याला आता वर्ष होईल. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, आणि त्याचं गप्प बसणं कसं असतं ते तुला काय सांगायचं.

दोनदा त्यानं व्हिसा मागितला आणि दोनदा नाकारला गेला, ते तुझ्या केसमुळंच. तुझा जबडा मोडल्याबद्दल सहा महिने आत होता, ते कागदावर होतं. आता तो कागद उघडून बघणारा माणूसच खुर्चीवरून उठतोय.

तू कुठल्या शहरात आहेस हे त्याला ठाऊक नाही. तुझी पाकिटं मी ऑफिसातच फाडून टाकते. फोन मात्र करू नकोस, माझा फोन तो रोज बघतो. पत्र नेहमीसारखं बुकिंग ऑफिसच्या पत्त्यावर टाक.

चिंगीला आत्याकडून गोड पापा.

तुझी
ठकू


११ मार्च

ठकू,

तुझं पत्र पोस्टातल्या माझ्या टपालपेटीतून काढलं आणि तिथंच उभ्यानं वाचलं. मागचा माणूस म्हणाला, "बाई, जरा सरकता का?" मला सरकताच येईना.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून परदेशी नागरिकांच्या कचेरीत गेले. तिथला कारकून बदलीचं सामानसुमान बांधत होता. मी विचारलं, "एखाद्या माणसावर तिकडं केस झाली असेल, शिक्षा झाली असेल, तर त्याला फाटकावर अडवतात ना?" तो म्हणाला, "ओळखपत्र खरं आहे की खोटं एवढंच मशीन बघतं. बाकी विचारायचं आता बंद. का हो, कुणी येणार आहे का तुमचं?" आणि हसला. "आनंदाची गोष्ट आहे बाई, तोंड का पाडताय?"

त्याला काय सांगू? गेली आठ वर्षं माझ्या दाराला कडी नव्हती, व्हिसा होता. कोर्टानं पोर माझ्याकडे दिली, पण कोर्ट काही जिन्यात उभं राहत नाही.

आमच्या गल्लीत उत्साहाला ऊत आलाय. खालच्या लॉजवाल्यानं पाटी रंगवून घेतली, पाहुण्यांचं स्वागत म्हणून. मी मात्र तिसऱ्या मजल्यावरून रोज गल्ली तपासते. लॅबमध्येही लक्ष लागत नाही. काल एका आजोबांच्या कवळीत वरचे दात खाली बसवले. लॅबवाले काका म्हणाले, "हे लावलं तर आजोबा आयुष्यभर रुसल्यासारखे दिसतील." सगळे हसले, मीही हसले. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आणि सगळ्यात अवघड तर घरातच आहे. चिंगी लहान असताना विचारायची, बाबा का येत नाहीत? मी सांगायचे, व्हिसा मिळत नाही. आपण का जात नाही? व्हिसा मिळत नाही. एका शब्दावर मी आठ वर्षं निभावली गं. परवा ती शाळेतून धावतच आली, दप्तरही काढलं नाही. "आई, आता व्हिसा लागत नाही! बाबा कधी येणार?" बारा वर्षांची आहे, डोळे नुसते चमकत होते. मी म्हटलं, बघू.

बघू म्हणजे काय, ते मलाच कळत नाही. तो काय करतोय ते कळवत राहा. एक ओळ लिही, पण लिही.

तुझी वहिनी


२९ मार्च

आदरणीय वहिनींस,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र पोचले. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. आपणही तेथे खुशाल असाल अशी आशा करते.

पत्र लिहिण्यास कारण की, आईची प्रकृती अलीकडे बरी नसते. अंथरुणावर पडून सारखी नातीची आठवण काढते. तिला एकदा डोळे भरून बघावे एवढीच तिची शेवटची इच्छा आहे. ती आम्हांस म्हणाली की वहिनींना कळव.

आमच्या बंधूंचा स्वभाव पूर्वीसारखा राहिलेला नाही. झाल्या गोष्टींचा त्यांना फार पश्चात्ताप होतो. त्यांच्या मनात आपल्याविषयी काहीही राग नाही.

आई नातीसाठी काही वस्तू पाठवू इच्छिते. टपालपेटीत मोठे पार्सल मावत नाही असे कळते. तरी आपल्या राहत्या घराचा पूर्ण पत्ता, मजल्यासह, कळवावा. उत्तर आमच्या घरच्या पत्त्यावर पाठवावे, ऑफिसच्या पत्त्यावर नको.

आपली नणंद


६ एप्रिल

प्रिय ठकू,

आईंच्या दुखण्याचं वाचून फार वाईट वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, धीर धरा. नात नक्की भेटेल.

आम्ही गेल्याच महिन्यात बंदराच्या शहरात राहायला आलो. टपालपेटी मात्र अजून जुन्याच शहरात आहे, एक मैत्रीण पत्रं पाठवून देते. इथला पत्ता असा : जुन्या दीपगृहामागं, नोकरदार महिलांचं वसतिगृह, पहिला मजला, खोली सात. पार्सल तिथंच पाठव.

तुझ्या दादांना माझा राग नाही हे वाचून बरं वाटलं. काळ हेच औषध.

सर्वांना नमस्कार.

तुझी वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

हे पत्र मी बसच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती देतेय. म्हणजे बघ, ज्या बसनं तो तुमच्याकडे येतोय त्याच बसनं हे पत्रही येतंय, त्याच्यापासून सात-आठ बाकं पुढं, काकांच्या खिशात. काका तुझ्या शहरात उतरले की टपालपेटीत टाकतील.

चूक माझीच. पाकिटं मी फाडायचे, पण पत्रं फाडवत नव्हती. तुझं अकरा मार्चचं पत्र माझ्या डब्याच्या पिशवीत होतं, ते त्याला सापडलं. व्हिसा, लॅब, कवळ्या, चिंगी, तिसरा मजला, सगळं त्यानं वाचलं. मग मला टेबलाशी बसवून स्वतः मागं उभा राहिला आणि सांगत गेला, मी लिहीत गेले. पहिला कागद त्यानं फाडला, कारण मी तुला "तू" लिहिलं होतं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग म्हणाला, "नीट लिही, सभ्य माणसांसारखं." पाकिटावर तुझ्या शहराचं नाव मला त्याच्यासमोरच घालावं लागलं.

आई गेल्याचं मी तुला कळवलंय, हे त्याला ठाऊक नव्हतं. "आई आजारी आहे असं लिही," तो म्हणाला, तेव्हा मी मान खाली घालून लिहिलं आणि मनात म्हटलं, आई, आयुष्यभर तू त्याचीच बाजू घेतलीस, आता मेल्यावर तरी आमच्या उपयोगी पड.

तुझं उत्तर आलं. तू "आईंना नमस्कार" लिहिलंस तेव्हा मला कळलं, की तुला कळलंय. पण खोली सात खरी की खोटी, हे मला अजून ठाऊक नाही, आणि सांगूही नकोस.

तो तिकीट काढायला माझ्याच खिडकीवर आला. रांगेत उभा राहिला, सगळ्यांसारखा. नंबर आल्यावर म्हणाला, "एक."

मी विचारलं, "परतीचं?"

"लागलं तर तिकडून काढीन."

माझ्या बहिणीसारख्या सहकारी मैत्रिणीनं विचारलंसुद्धा, "अगं, दादा ना तुझे? कुठं चालले?" तोच म्हणाला, "बायकोला आणायला." आणि ती म्हणाली, "वा!"

मी माझ्या हातानं त्याचं नाव यादीत लिहिलं, वहिनी. आसन बावीस. अक्षर वाईट आलंय, इथलंही आणि तिथलंही. उजवा हात जरा दुखतोय, दाराला लागला.

तू जिथं असशील तिथून हल. नाहीतर हलू नकोस. मला काही सुचत नाही.

ठकू


५ मे

ठकू,

खोली सात खोटी आहे. म्हणजे खोली आहे, आम्ही नाही. या देशात आल्यावर पहिली दोन वर्षं मी आणि चिंगी तिथं होतो. तुला ते पत्र टाकायच्या आधीच मी रेक्टरबाईंना फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, "बाई, मी तुमच्या दारात साप सोडतेय." त्या म्हणाल्या, "येऊ दे. माझ्या दारावर दोन पहारेकरी असतात आणि तिसरी मी."

तो वीस तारखेला तिथं पोचला. चांगले कपडे, हातात बाहुली. बारा वर्षांच्या मुलीला बाहुली! रेक्टरबाईंनी सांगितलं, त्या केव्हाच गेल्या, कुठं ते माहीत नाही. तो हसून नमस्कार करून निघाला, आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला. तीन दिवस. सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा. चौथ्या दिवशी बाक रिकामा होता. तेव्हापासून तो कुठं आहे, कुणालाच ठाऊक नाही.

मी पोलिसांकडे गेले. अधिकारी बाई भल्या होत्या, पण म्हणाल्या, "त्यांना नव्वद दिवस राहायचा हक्क आहे. बाकावर बसणं हा काही गुन्हा नाही. काही केलं तर लगेच कळवा." काही केलं तर! मी विचारलं, "केल्यावर मला कळवता येईल ना?"

चिंगीला सगळं सांगितलं. सांगावंच लागलं. माझ्या तोंडातले खालचे चार दात मीच बनवलेत हे तिला माहीत होतं, का बनवावे लागले ते नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे व्हिसाचं खोटं होतं?"

मी म्हटलं, "खरं होतं. फक्त तो मिळू नये असं मला वाटायचं, हे सांगितलं नाही."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेला निघताना जोडे घालता घालता म्हणाली, "मी आजपासून मागच्या गेटनं येईन. आणि वर येताना तीनदा खोकेन, म्हणजे तुला कळेल मीच आहे." ठकू, पोरीनं हे किती सहज सांगितलं! मला शहाणी मुलगी हवी होती, पण अशी नको होती.

दिवस मोजतेय. एकोणीस एप्रिलपासून नव्वद, म्हणजे सतरा जुलै.

वहिनी


२४ जून

ठकू,

तो लॅबमध्ये आला होता.

काल दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. मी घासायच्या मशीनवर होते. डोक्याला टोपी, डोळ्यांवर जाड चष्मा, नाकातोंडावर मास्क, वर सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी धूळ. दार उघडलं आणि मी आवाजावरूनच ओळखलं. तो काकांना सांगत होता की शहरातल्या सगळ्या दातांच्या लॅब पालथ्या घालतोय, ही अकरावी. त्यानं फोटो पुढं केला. काकांना मी सांगून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून फोटो बघितला आणि म्हणाले, "नाही बुवा. इथं सगळ्या जुन्या बायका आहेत."

तो निघेल असं वाटलं, पण तो आत आला. थेट माझ्या टेबलाशी. फोटो माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "ताई, तुम्ही ओळखता का हिला?"

ताई म्हणाला मला.

फोटोत मी होते, सव्वीस वर्षांची, हसत होते. हा फोटो कुणी काढला तेही आठवलं. मी नाही म्हणून मान हलवली. मशीन बंद केलं नाही, बंद केलं असतं तर बोलावं लागलं असतं. तो तिथंच उभा राहिला. केस पांढरे झालेत त्याचे. एवढा जवळ होता की चष्म्यात माझे डोळे दिसतील असं वाटलं, म्हणून मी खाली बघून घासत राहिले. तो म्हणाला, "बायको आहे माझी. डोक्यानं जरा कमी आहे. दिसली तर सांगा, मी रागावलेलो नाही." आणि गेला.

काकांनी येऊन मशीन बंद केलं तेव्हा बघितलं, हातातल्या कवळीचे पुढचे दोन दात मी पार हिरडीपर्यंत घासून टाकले होते. माझी साडी ओली झाली होती. तुला म्हणून सांगते. काकांनी काही न बोलता फरशी पुसली, आणि त्यांच्या बायकोची साडी आणायला घरी गेले.

दिवसभर एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, "मी रागावलेलो नाही." आज सकाळी तुझी जुनी पत्रं काढून बसले आणि तुझं एप्रिलचं पत्र नीट वाचलं. तेव्हा माझ्याच भीतीत इतकी बुडाले होते की शेवटाकडची ती ओळ वाचूनही वाचली नव्हती. हात दाराला लागला म्हणतेस.

ठकू, दार कधी कुणाला मारत नाही. मी तीन वर्षं दवाखान्यात दाराचंच नाव सांगत होते. कधी दार, कधी जिना. मी निघाले तेव्हा माझी पिशवी तू भरलीस, फॉर्म तू भरलास, गाडीत तू बसवलंस. आणि मग तू त्याच घरात परत गेलीस. तुझं तिथं काय होत असेल हे मी आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, बहिणीला कोण मारतं?

फाटक उघडल्यापासून मी एकच विचार करतेय की तो येऊ शकतो. तूही येऊ शकतेस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ठकू, तुलाही व्हिसा लागत नाही गं.

ये.

वहिनी


११ जुलै

वहिनी,

तुझं पत्र वाचून खिडकी दहा मिनिटं बंद ठेवली. बाहेर लोक ओरडत होते.

हो. तू गेलीस त्याच आठवड्यापासून. तुला सांगितलं असतं तर तू परत आली असतीस, म्हणून नाही सांगितलं. आणि खरं सांगू? कधीकधी तुझा रागही यायचा. स्वतः तुला गाडीत बसवलं आणि स्वतःच मनात म्हणायचे, मला चल म्हणाली नाही. जाऊ दे ते.

हे तीन महिने मी माणसासारखी राहिले. हसू नकोस, पण दुपारी दार सताड उघडं टाकून झोपायचे. आता ते दिवस संपले. काल तुमच्याकडून परतीच्या बसची यादी आली. सोळा जुलै, आसन बावीस, त्याचं नाव.

मी खूप विचार केला. चौदाच्या बसनं आले तर तुमच्याच स्टँडवर तो समोर येऊ शकतो. अठराच्या बसला थांबले तर तो घरात असेल. सोळालाच निघायला हवं. त्या दिवशी दोन्ही बसगाड्या दुपारी फाटकावर एकाच वेळी थांबतात, एकाच शेडमध्ये, हेही मला ठाऊक आहे. मीच ते वेळापत्रक लोकांना सांगते. पण तो नक्की कुठं आहे हे मला माहीत असलेला असा तो एकच दिवस आहे. त्याच्या वर्षाच्या नव्वद दिवसांतला एकच उरलाय, आणि तेवढ्यासाठी फाटकावर पुन्हा आत घेत नाहीत. माझे अजून सुरूही झालेले नाहीत.

यादीत माझं नाव मी सगळ्यात शेवटी लिहिणार आहे, म्हणजे साहेबांच्या लक्षात येणार नाही.

मला भीती वाटते, वहिनी. इतकी की भरलेलं सामान दोनदा उपसून परत कपाटात ठेवलं. तू स्टँडवर ये. चिंगीला आणू नकोस.

ठकू


१६ जुलै, संध्याकाळी पाच

वहिनी,

चिठ्ठी टेम्पोवाल्याच्या हाती देतेय. फाटकापासून तासाभराच्या अंतरावर आमच्या बसचं इंजिन तापून बंद पडलंय, दुसरी गाडी यायला वेळ लागेल. तू स्टँडवर जीव टांगून उभी असशील म्हणून घाईनं लिहिते. मी या बाजूला आहे.

शेडमध्ये दोन रांगा होत्या, जायची आणि यायची, मध्ये कमरेएवढा लोखंडी कठडा. मी मान खाली घालून चालले होते. तो पलीकडून म्हणाला, "ठके."

मी थांबले. पाय आपोआप थांबले, सवयीनं. तो कठड्याला टेकून उभा होता, दाढी वाढलेली. ओरडला नाही. ते ठेवणीतलं हळू बोलणं बोलला, "चल घरी. बॅग दे इकडं." आणि हात पुढं केला.

मी बॅग उचलली, वहिनी. त्याला देण्यासाठीच उचलली असणार. चाळीस वर्षांची बाई मी, आणि हात वर गेला होता.

तेवढ्यात खिडकीतल्या पोरसवदा शिपायानं विचारलं, "बाई, ओळखपत्र? आणि हे तुमच्याबरोबर आहेत का?"

कुणी मला असं कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "नाही. मी एकटीच आहे." आवाज इतका बारीक आला की त्यानं पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा मी मोठ्यानं सांगितलं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. दादानं हात मागं घेतला. लोकांसमोर तो कधीच काही करत नाही.

शिपायानं कार्ड मशीनवर ठेवलं, परत दिलं, म्हणाला, "नव्वद दिवस." मी चालत सुटले. मागून दादानं दोनदा हाक मारली. मग त्यांच्या रांगेला कुणीतरी पुढं सरका म्हणालं.

आता रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेय. मागून कुठलीही गाडी आली की दचकून उठते, मग आठवतं, तो कठड्यापलीकडेच राहिला. एक्क्याण्णवाव्या दिवशी माझं काय, हे विचारू नकोस, मला ठाऊक नाही. परत जायला घर नाही, एवढंच ठाऊक आहे. आणि तो आता तिथं एकटाच आहे, पुढच्या वर्षी त्याचेही नव्वद दिवस नव्यानं सुरू होतील, हेही.

टेम्पोवाला घाई करतोय. तू घरी जा, चिंगी वाट बघत असेल. मला फक्त घराचा पत्ता आणि जिना कुठल्या बाजूनं आहे ते या चिठ्ठीमागं लिहून स्टँडवरच्या माणसापाशी ठेव. मी वर येईन तेव्हा काय करू? मीही तीनदा खोकू का?

ठकू